भुरक्याची चिठ्ठी

सासरे चहा प्यायला बसले, की नव्या माणसाला वाटे, घरातलं तुंबलेलं बेसिन आत्ता कुठे मोकळं झालं. आधी बशीत चहा ओतल्याचा बारीक आवाज, मग एक लांब श्वास, आणि मग तो. फुर्रर्र. मागोमाग समाधानाचा एक ‘हाऽऽ’. एका कपाचे असे अकरा भुरके होत. तिने मोजले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, सकाळी साडेसातला आणि दुपारी चारला ती ते मोजत आली होती, आणि अकरावा संपल्याशिवाय तिचे वर गेलेले खांदे काही खाली येत नसत.

नवऱ्याला तिने एकदा सांगून पाहिलं.

"कुठला आवाज?" तो म्हणाला.

"कुठला म्हणजे? शेजारच्यांच्या कपाटातल्या बरण्या हलतात."

"अगं, बाबा चहा पितात तसा आवाज. चहाला आवाज असतोच की."

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. हा माणूस त्या आवाजात वाढला होता, त्या आवाजाचा गजर लावून शाळेत गेला होता. आणि खुद्द सासऱ्यांना तर आपल्या चहाला आवाज असतो ही बातमीच पोचलेली नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या छापखान्यात रोटरी मशीनवर काढली होती. निम्मे कान तिथेच ठेवून ते निवृत्त झाले होते.

एरवी माणूस सोन्यासारखा. भाजी निवडून देणार, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणार, आणि घड्या अशा, की जणू वर्तमानपत्राचा गठ्ठा. नातीवर जीव टाकणारा. नात चौदा महिन्यांची होती. उंच खुर्चीत बसून ती एका बोटाने सगळ्या घराला कामाला लावत असे. हे उचला, ते आणा, पंखा बंद, पंखा चालू. म्हणून आजोबांनी तिचं नाव मुकादम ठेवलं होतं.

मुकादमबाईंचा एकच दोष होता. त्या काही पीत नसत.

जेवणाची रड होतीच, पण दुधाचं म्हणजे कठीण होतं. अंगावरचं दूध दोन महिन्यांपूर्वी आटलं होतं, बाटली तर तिने पहिल्या दिवसापासून थुंकून टाकली होती. निळा, चोचीचा कप आणल्यावर मात्र जरा बरं चाललं होतं. सकाळी शंभर मिलिलिटर, दुपारी एकशे दहा. हे आकडे फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात होते. तक्ता तिने स्वतः आखला होता, वेळ, मात्रा, शेरा असे रकाने पाडून. शेऱ्यात ‘थोडं सांडलं’, ‘हसत प्यायली’, ‘दात?’ असं काय काय लिहिलेलं असे. नवरा त्याला हजेरीपट म्हणायचा. म्हणू दे. मागच्या दोन भेटींत मुलीचं वजन सात किलो आठशेवर अडकलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, "तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत. पण पुढच्या खेपेला निदान शंभर ग्रॅम वाढलेले दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर दोन-तीन दिवस इथे ठेवून घेऊ. गरज पडली तर नाकातून नळीने देऊ."

नळी हा शब्द तिने घरी कोणाला फारसा ऐकवला नाही. स्वतःला मात्र दिवसातून वीस वेळा ऐकवला. पुढची खेप तीन आठवड्यांनी होती, शनिवारी.

याच सगळ्यात तिचं काम चाललेलं असे. शाळकरी मुलांसाठी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार होत होता, आणि त्यातले शब्द ती घरी बसून लिहीत होती. आठवड्याला चाळीस. संपादकबाई कडक होत्या. त्यांचे दोन नियम होते आणि दोन्ही डोक्याला ताप होते. पहिला, उदाहरणाचं वाक्य हवेतून काढायचं नाही, स्वतः पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीवरूनच करायचं. दुसरा, शब्द क्रिया सांगणारा असेल, तर त्याचा नुसता मराठी अर्थ आणि मराठी उदाहरण एका चिठ्ठीवर लिहायचं, ती चिठ्ठी इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची, आणि त्याने ती वाचून ती क्रिया करून दाखवायची. बरोबर केली तर अर्थ बरोबर. माणसाने चिठ्ठीखाली काय केलं ते लिहून सही करायची.

घरात असा माणूस आयता होता. शिशाच्या पाट्यांवरची इंग्रजी अक्षरं सासऱ्यांना उलटी ओळखता येत, पण अर्थ सुलट्याचाही कळत नसे. शिवाय छापायच्या गोष्टीत आपला हात आहे, याचा त्यांना मनापासून अभिमान. संध्याकाळी पाचला ते हात धुऊन, चष्मा पुसून टेबलाशी बसत. थंडीने कुडकुडून दाखवत, खांदे उडवून दाखवत, एका पायावर उड्या मारत दारापर्यंत जात. मुकादम खुर्चीत टाळ्या वाजवे. मग ते सावकाश लिहीत, ‘खांदे दोनदा उडवले. उजवा दुखला.’ आणि खाली लफ्फेदार सही.

सोमवारी दुपारी ‘स्लर्प’ हा शब्द आला.

आधीचा ‘सिप’ होता. तो तिने दोन मिनिटांत उडवला, हळूहळू घोट घेत पिणे. ‘स्लर्प’वर ती अडली. मराठीत भुरकणे आहे, पण नुसता प्रतिशब्द संपादकबाईंना चालत नसे. अर्थ उलगडून सांगा, म्हणायच्या. ती डोकं खाजवत बसली होती, एवढ्यात चार वाजले आणि भिंतीपलीकडे बशी किणकिणली.

फुर्रर्र. हाऽऽ.

त्या दिवशी तिची झोप झालेली नव्हती, मुलीने सकाळचा वरणभात केसात माखून घेतला होता, आणि बाईंचा ‘चाळीसपैकी अजून एकवीस बाकी’ असा निरोप येऊन पडला होता. तिसऱ्या भुरक्याला तिचं पेन आपोआप चालायला लागलं. ‘पिताना तोंडाने मोठा, असभ्य आवाज करणे.’ आणि उदाहरण? पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीवरूनच ना? घ्या. ‘माझे सासरे चहा इतका भुरकतात, की घरातल्या माणसांना घर सोडून जावंसं वाटतं.’

लिहिल्यावर तिला फार बरं वाटलं. मग अर्थातच वाईट वाटलं. सासऱ्यांच्या जागी कोणीतरी पाहुणा घालायचा, असं ठरवून तिने पेन पुन्हा उचललं, तेवढ्यात आतून उलटीचा आवाज आला. सगळं चार वाजताचं दूध बाहेर. चादर, कपडे, आंघोळ, पुन्हा कपडे. पाच वाजता सासरे चष्मा पुसत उभे होते आणि तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता तसा त्यांच्या हातात ठेवला.

ती मुलीचे केस पुसत होती. एका चिठ्ठीशी सासरे जरा जास्त वेळ थांबले, एवढं तिच्या नजरेला आलं. पण सासरे नेहमीच सावकाश वाचत. मग त्यांनी काहीतरी लिहिलं, सही केली आणि पुढची घेतली. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता पाकीट बाईंच्या कचेरीत देऊन टाकलं.

मंगळवारी सकाळी साडेसातला तिला घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

तिला आधी कळेना, आज एवढं शांत शांत का वाटतंय. सासरे नेहमीच्याच खुर्चीत, नातीच्या समोर बसले होते. पुढ्यात कप होता. बशी नव्हती. चहा निवू देत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी कप उचलला, ओठ लावले, गिळला, ठेवला. औषध घ्यावं तसा. एक नाही, दोन नाही. तिने मनात म्हटलं, देव पावला. कारण विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. मिळालेली शांतता हातची घालवेल एवढी ती वेडी नव्हती.

मात्र मुकादमने त्या दिवशी चाळीस मिलिलिटरवर कप ढकलला. दुपारी तीस. बुधवारी सकाळी पस्तीस, दुपारी वीस. शेऱ्याच्या रकान्यात आधी ‘दात?’ आलं, मग ‘दूध गार?’, मग ‘कप बदलून पाहणे’. तिने कप बदलला. हिरवा आणला, चोच नसलेला आणला, चमच्याने पाजलं, गाणी म्हटली, मांडीवर घेतलं, गॅलरीत नेलं. मुलगी तोंड मिटून समोर आजोबांकडे बघत राही, जणू काही सुरू व्हायची वाट बघतेय. मग मान फिरवे.

"तू फार मागे लागतेस म्हणून पीत नाही," नवरा म्हणाला.

"बरं. मग उद्या सकाळी तू पाज. मागे न लागता."

त्याने पाजलं. पंधरा मिलिलिटर, आणि त्यातलं दहा त्याच्या शर्टावर. तो शर्ट बदलायला गेला. तिला तेवढंच समाधान.

सासरे तर अजिबातच बोलत नव्हते. गुरुवारी ती शेवटी त्यांच्यावरही करवादली. "बाबा, तुम्ही तरी जरा हसा-बोला ना तिच्याशी. नुसते पुतळ्यासारखे बसता." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आवाज न करता बसलेलं बरं," म्हणाले आणि कप विसळायला उठले.

शुक्रवारी दुपारी पाकीट परत आलं. वर संपादकबाईंचं लाल अक्षर होतं. ‘स्लर्प: परीक्षकाने नुसतं ‘समजले’ लिहिलं आहे. करून दाखवल्याची नोंद नाही. पुन्हा करून घ्यावे. उदाहरण उत्तम, माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.’

तिने खालची चिठ्ठी काढली. तिच्याच अक्षरातलं ते वाक्य. आणि खाली, एका रेषेत बसवलेल्या अक्षरात, ‘समजले.’ आणि सही. सहीला लफ्फा नव्हता.

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, हे त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं, तर तिने चाचणीशिवाय लिहून दिलं असतं. ती तशीच चिठ्ठी घेऊन बसून राहिली. आधी स्वतःचा राग आला. मग बाईंचा. मग सासऱ्यांचाही आला, की माणसाने चिडावं, चार शब्द सुनवावेत, हे काय सही करून मोकळं होणं.

नवरा लवकर घरी आला होता. तिने त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि चिठ्ठी दाखवली. त्याने ती दोनदा वाचली.

"हे तू बाबांना दिलंस?"

"चुकून."

"चुकून लिहिलंस की चुकून दिलंस?"

"आता तू नको सुरू करूस. आधी हे करून दाखव आणि खाली लिही. बाईंना उद्या पाहिजे. बाबांना पुन्हा कुठल्या तोंडाने देऊ?"

"मला इंग्रजी येतं. मी कसा परीक्षक?"

"तुझं इंग्रजी मला माहीत आहे. कर."

मुकादम तिथेच खुर्चीत होती, पुढ्यात निळा कप, चारचं न प्यायलेलं दूध. नवऱ्याने नाखुशीने पाण्याचा पेला ओठांना लावला आणि ओढलं. कसला भुरका, सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखा आवाज. तरी मुलीची मान गर्रकन वळली. तिने बापाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी कप उचलला, तोंडाला लावला आणि फुरर्र करून ओढला. मोठा घोट. गिळला. आणि म्हणाली, "हाऽ."

तिने पेला पुन्हा नवऱ्याच्या तोंडाशी नेला.

"परत कर," ती हळूच म्हणाली.

त्याने परत केलं. मुलीनेही परत केलं. तिसऱ्यांदा त्याला ठसका लागला, पाणी नाकात गेलं आणि तो टेबलाला धरून खोकत बसला. मुकादमने कप खाली ठेवला. कार्यक्रम संपला.

ती फ्रिजपाशी गेली. सोमवार दुपार एकशे दहा, मग उलटी. मंगळवार सकाळ चाळीस. दोन महिने निळ्या कपाचं कौतुक केलं होतं तिने. दोन मैत्रिणींना तो घ्यायला लावला होता. तक्त्यात तिने सगळं टिपलं होतं, दुधाची ऊब, खुर्चीचा कोन, सगळं. फक्त ज्या आवाजावर ती दात-ओठ खात होती, त्याला रकाना नव्हता.

वजनाला आठ दिवस होते.

सासरे त्यांच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होते. ती दारात उभी राहिली, चिठ्ठी हातातच होती, तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा, माझी चूक झाली. हे बदलणार होते मी. रागाच्या भरात लिहिलं गेलं."

"चूक कसली," ते म्हणाले. "नियम आहे ना तुमचा, ऐकलेलंच लिहायचं. ऐकलंस, लिहिलंस."

"तसं नाही."

"मला आवाज येत नाही माझा. मशीनसमोर कोणाचाच कोणाला येत नसे. तुझी सासू होती तोवर तिने कधी सांगितलं नाही, मुलाने सांगितलं नाही. छापायच्या कागदावर वाचलं तेव्हा कळलं." त्यांनी टॉवेलाची कडा जुळवली. "सोडली ती सवय. चार दिवस झाले. जमतंय."

"पण ती पीत नाहीये बाबा. तुम्ही भुरकलात, की ती पिते. तुमचं बघून." तिने स्वयंपाकघरात काय झालं ते सांगितलं. आणि एवढे दिवस गिळून ठेवलेला नळीचाही शब्द सांगून टाकला.

सासऱ्यांनी घडी खाली ठेवली.

"अगं, पण आता येणार नाही तो," ते म्हणाले. "चारदा मनात करून बघितलं मी. कप तोंडाशी नेला की तुझं वाक्य समोर उभं राहतं. घशातच अडकतं."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. ते रुसले असते, तर तिने मनधरणी केली असती. येतच नाही म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? ती तणतणत स्वयंपाकघरात आली, आधण ठेवलं, चहा केला, उकळता उकळता कपात ओतला, बशी घेतली, आणि सगळं नेऊन नातीच्या समोरच्या जागी मांडलं. बशीत चहा ओतला. चार वर्षं ऐकलेल्या त्या आवाजाची आठवण करून ओठ लावले आणि ओढला.

जीभ भाजली, चहा हनुवटीवरून गळ्यात गेला आणि आवाज म्हणाल तर उंदराने शिंकल्यासारखा. मुकादमने भुवया वर केल्या.

तिने डोळे पुसले आणि पुन्हा ओढला. पुन्हा भाजली.

"काय करतेस?" सासरे दारात आले होते.

"काय दिसतंय?"

"भाजून घेतेस, हे दिसतंय." त्यांना ते बघवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. वाकड्या छापलेल्या पानाकडे पाहावं तसे ते पाहत होते. "ओठ टेकवायचे नाहीत बशीला. नुसते जवळ न्यायचे. आधी हवा ओढायची, चहा मागून येतो. हवेनेच निवतो तो."

"हं." तिने ओढला. थोडा मोठा आवाज झाला. जीभ वाचली.

"अजून हवा. तू घाबरतेस आवाजाला."

"मी नाही घाबरत."

"लाजतेस मग. आम्हाला छापखान्यात चहाला दहा मिनिटं असायची. चहा यायचा तो वाफाळता, कढत. निवायची वाट बघणाऱ्याचा चहा तसाच राहायचा आणि भोंगा व्हायचा. असं धर." त्यांनी बशी तिच्या हातातून घेतली, तीन बोटांवर तोलली, आणि केवळ दाखवण्यापुरती, त्या वाक्याबिक्याचं भान राहण्याआधीच, ती तोंडाजवळ नेली.

फुर्रर्र.

शेजारच्यांच्या बरण्या नक्की हलल्या असतील.

मुकादम आनंदाने किंचाळली आणि कपावर तुटून पडली. सासऱ्यांनी बशीवरून नातीकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि दुसरा भुरका घेतला. तिचे खांदे सवयीने वर गेले होते. गेले तर गेले. ती मोजत राहिली, पण आता कपावरच्या रेषा. ऐंशी. नव्वद. एकशे पाच.

पुढचे आठ दिवस तिने आयुष्यातून वगळायला हरकत नाही असे होते. दूध वाढवायचं म्हणून सासऱ्यांचे चहा दोनाचे चार झाले. मग त्यांना पित्त व्हायला लागलं, तेव्हा मधल्या दोन वेळा गरम पाणी. त्यांना कंटाळा आला की तिची पाळी. तिचा भुरका सुधारला, पण ‘हाऽ’ जमत नाही असं सासऱ्यांचं मत होतं, आणि ते ते रोज बोलून दाखवत. "मनापासून नाही येत तुझा. तिला कळतं."

शनिवारी दवाखान्यात सासरे सोबत आले. थर्मास आणि बशी पिशवीत घालून. बाहेरच्या बाकांवर सात-आठ माणसं बसली होती, सगळी दवाखान्यात बसावं तशी दबकून. भिंतीवर ओठांवर बोट ठेवलेल्या बाईचं चित्र. आणि मुकादमने नेमकी तिथे दुधाच्या वेळी मान फिरवली. सकाळचं दूधही निम्मंच गेलं होतं.

सासऱ्यांनी पिशवीतून बशी काढली आणि तिच्याकडे पाहिलं. इथे नको, असं म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. सगळ्या माणसांच्या नजरा, समोरच्या टेबलामागची नंबराच्या चिठ्ठ्या देणारी मुलगी, ते चित्र. कॉलेजात असताना कँटीनमध्ये कोणी असं केलं असतं, तर ती टेबल बदलून बसली असती.

"ओता," ती म्हणाली.

त्या शांततेत तो भुरका तिला सुद्धा नवा वाटला. एक गृहस्थ वर्तमानपत्रामागून बाहेर आले. चिठ्ठ्या देणारी मुलगी उभी राहिली. "आजोबा, जरा हळू प्या ना. लोक बसलेत."

सासऱ्यांचा हात थांबला. कानाची पाळी लाल झाली. बशी खाली यायला लागली आणि मुकादमच्या तोंडातला कपही तिच्याबरोबर खाली यायला लागला.

"हळू नाही होणार," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "त्यांचं काम चाललंय. दोन मिनिटं लागतील." आणि सासऱ्यांच्या हातातली बशी घेऊन तिने स्वतः एक ओढला, चांगला लांब, हवेसकट. मग बशी परत त्यांना दिली. "तुम्ही करा. माझा हाऽ बरोबर येत नाही."

आत डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला. "सात नऊशे सत्तर. दूध आत्ता पाजलंत का?"

तिने खोटं बोलायचा विचार केला. "हो. बाहेर."

"आलं ऐकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किती?"

"साठ."

"मग नऊशे दहा धरू." त्यांनी लिहिलं. "एकशे दहा वाढले. आता पुढच्या महिन्यात या. आणि जे काय करताय ते चालू ठेवा."

चालू ठेवा, म्हणे. म्हणजे अजून महिनाभर साडेसात, चार, आणि मधल्या दोन वेळा.

त्या दुपारी तिने ‘स्लर्प’ची चिठ्ठी नव्याने लिहिली. ‘गरम किंवा पातळ पदार्थ हवेसकट ओढून, मोठा आवाज करत पिणे, भुरकणे. काही ठिकाणी हे असभ्य समजतात.’ उदाहरण, ‘नातीने दूध प्यावं म्हणून आजोबांनी चहाचा भुरका मारला.’ पाच वाजता सासऱ्यांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली.

"असभ्य ठेवलंस."

"समजतात, असं लिहिलंय बाबा. पोरांना माहीत असावं. कुठेतरी परक्याच्या घरी जातील आणि बोलणी खातील."

"बरोबर आहे," ते विचार करून म्हणाले. मग बशी मागवली, करून दाखवलं, आणि खाली लिहिलं, ‘एकदा केले. नातीनेही केले.’ सहीला लफ्फा आला. बाईंकडून फक्त एवढं उत्तर आलं, की आधीचं उदाहरण जास्त जिवंत होतं, पण चालेल.

आता घरात पाणी भुरकलं जातं, सूप भुरकलं जातं, नवरा सुद्धा मुलीच्या नादाने कॉफी भुरकतो आणि वर म्हणतो, "कुठला आवाज?" ती कानांत बोळे घालून काम करते आणि गठ्ठा देण्याआधी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचते. काल संध्याकाळी ‘स्नोअर’ होता, घोरणे. सासऱ्यांनी चष्मा पुसला, उदाहरण वाचलं आणि मान वर केली.

"‘एक पाहुणा रात्रभर घोरत होता.’ हा कोण पाहुणा? आपल्याकडे कोणी आलं नव्हतं."

"असाच आहे कोणी."

"ऐकलेलंच लिहायचं ना?" त्यांनी पेन उघडलं, पाहुणा खोडला, वर सुबक अक्षरात ‘माझा नवरा’ लिहिलं आणि डोळे मिटून चाचणी द्यायला मान मागे टाकली. मुकादमनेही टाकली.